लांबून छान दिसतं

पूर्वी सरकारी कार्यालयाच्या भिंतीवर थोर पुरुषांच्या तसबिरी असत. शेजारी एक कॅलेंडर आणि बंद पडलेलं घड्याळ. आता तिथे पडदे आले आहेत. एकटादुकटा पडदा नव्हे. बारा, सोळा, चोवीस, एकाला एक भिडवून केलेली अख्खी भिंत. तसबिरीला वर्षातून एकदा हार लागायचा, पडद्यांना वार्षिक देखभाल करार लागतो. एरवी दोघांचा उपयोग सारखाच. पुढे उभं राहून फोटो काढून घ्यायचा.

हिला ‘व्हिडिओ वॉल’ म्हणतात. नवे आयुक्त आले, पालकमंत्री बदलले, शेजारच्या राज्यातून अभ्यासदौरा आला, की दुसऱ्या दिवशी पेपरात भिंतीसमोरचा फोटो ठरलेला. फोटोत साहेब भिंतीकडे बोट दाखवत असतात आणि बघत असतात फोटोग्राफरकडे. बोट नेमकं कशाकडे आहे ते कळायला मार्ग नाही, कारण फोटोत पडदे पांढरेफटक उमटतात. तरी बोट हवंच. नाहीतर साहेब नुसतेच उभे आहेत असं वाटेल.

गंमत अशी की ज्यांनी अशा भिंती आधी बांधल्या, त्यांना फोटो काढून घ्यायचा नव्हता. त्यांना फोटो बघायचा होता.

त्यांची अडचण साधी होती. दुर्बिणी, सूक्ष्मदर्शकं, उपग्रह हे सगळे अब्जावधी ठिपक्यांची चित्रं काढायला लागले आणि टेबलावरचा मॉनिटर मात्र वीस-चाळीस लाख ठिपक्यांच्या पुढे जाईना. सगळं चित्र पडद्यावर बसवावं तर बारकावा जातो. बारकाव्यात शिरावं तर आपण मेंदूच्या कुठल्या कोपऱ्यात किंवा मंगळाच्या कुठल्या खड्ड्यात आहोत, याचाच पत्ता लागत नाही. मग कुणीतरी म्हणालं, एक मोठा पडदा मिळत नाही ना, मग लहान पडदे रचू या. नासाच्या एम्स केंद्रात २००२ साली सात बाय सात असे ४९ पडदे रचले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत ३० इंची ५० मॉनिटर लागले. त्याच विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत २००८ साली ७० लागले. चौदा रांगेत, पाच उंचीत. त्या भिंतीचं नाव ‘हायपरस्पेस’. आडवे ३५,८४० आणि उभे ८,००० ठिपके. गुणाकार केला तर २८ कोटी ६७ लाख. भिंत साधारण ३२ फूट रुंद. त्याच वर्षी टेक्सासमध्ये ऑस्टिनच्या विद्यापीठात ‘स्टॅलियन’ नावाची भिंत उभी राहिली. तिला मॉनिटर ७५. बरोब्बर एक उभी रांग जास्त. निव्वळ योगायोग असणार. विद्वानांमध्ये कसली आलीय चढाओढ!

पुढे २०१२ साली न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठाने हा विषयच संपवला. ४१६ पडदे, १५३ कोटी ठिपके. चारही बाजूंनी भिंत, आणि आत जायचं दारसुद्धा पडद्यांचंच. दार लागलं की आपण चित्राच्या पोटात. अशा खोलीत एखादी लांबलेली बैठक घ्यावी, म्हणजे बाहेर पडायची वाट दिसत नाही ही तक्रार तरी खरी ठरेल.

आता एवढे ठिपके घेऊन करायचं काय? सॅन डिएगोत लेव्ह मॅनोविच नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२३ ते २००९ पर्यंतची ‘टाइम’ साप्ताहिकाची सगळी मुखपृष्ठं, म्हणजे ४,५३५, ओळीने मांडली आणि हायपरस्पेसवर चढवली. लांबून बघितलं तर सुरुवातीची वर्षं करडी, मग हळूहळू रंग शिरतोय, भडक होतोय, शेवटाकडे थोडा शहाणा होतोय. ऐंशीएक वर्षांचा रंगाचा इतिहास एका नजरेत. आणि कुणाचा चेहरा आहे ते बघायचं असेल तर माऊस शोधायला नको. चार पावलं पुढे चालत जायचं आणि बघायचं.

मग त्यांनी जपानी मांगा कॉमिक्स घेतली. ८८३ मालिका, १०,७४,७९० पानं. दहा लाख पानं कोण वाचणार! संगणकाने प्रत्येक पानाचा काळेपांढरेपणा आणि गजबज मोजली आणि त्यानुसार पानांना जागा दिली. मोजकी रेघ आणि भरपूर पांढरी जागा असलेली पानं एका टोकाला, बारीक छटांनी खच्चून भरलेली दुसऱ्या टोकाला, आणि मधे कुठे फटच नाही. एका शैलीतून दुसरीत सलग जाता येतं. ‘अमक्याची शैली’ आणि ‘तमक्याची शैली’ असे कप्पे करणाऱ्या समीक्षकांची त्या भिंतीपुढे पंचाईत झाली असणार. (आपल्याकडे १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासूनची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं अशी कुणी एका भिंतीवर लावली तर? दीनानाथ दलालांच्या नायिका कुठून सुरू होतात आणि फ्लॅटच्या जाहिराती कुठून, हे लांबून दिसेल. कोण काय वाचत होतं ते जवळून. कुठल्याही महापालिकेने एका रविवारी भिंत मोकळी द्यावी, मुखपृष्ठं मी गोळा करतो.)

या प्रकारात कळीचा मुद्दा आहे तो चालण्याचा. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात रॉबर्ट बॉल आणि ख्रिस नॉर्थ यांनी चोवीस मॉनिटरची भिंत करून त्यावर ह्यूस्टन शहरातल्या विक्रीच्या घरांचा नकाशा टाकला आणि लोकांना घरं शोधायला लावली. हा प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. भिंत जितकी रुंद, तितकं लोकांनी माऊसने चित्र लहानमोठं करणं कमी केलं आणि पायांनी पुढेमागे जाणं वाढवलं. काम लवकर उरकलं. आणि माऊस व पाय यांत लोकांना पायच आवडले. म्हणजे एवढ्या संशोधनानंतर निष्कर्ष काय, तर नीट दिसत नसेल तर जवळ जाऊन बघावं. आमच्या आजीने याला अनुदान मागितलं नसतं, पण तिचं संशोधन कुठे प्रसिद्धही झालं नाही.

आता थोडा हिशोब. ज्यांना गणिताचा तिटकारा आहे त्यांनी टेंडर मंजूर करू नयेत, एवढीच विनंती.

चांगली नजर एक मीटरवरून साधारण ०.३ मिलिमीटर अंतरावरचे दोन ठिपके वेगळे ओळखते. हायपरस्पेसच्या मॉनिटरवर ठिपके पाव मिलिमीटर अंतराने आहेत. म्हणजे मीटरभर अंतरावर उभं राहिलं की डोळा आणि पडदा यांची अगदी गाठ पडते. पैसा वसूल. खुर्ची तीन मीटर मागे सरकवली की डोळ्याला ०.९ मिलिमीटरच्या आतलं काही वेगळं दिसत नाही. आडवं-उभं दोन्ही धरलं तर दर बारा ठिपक्यांमागे अकरा वाया. वीजबिल मात्र बाराचं.

आपल्या नियंत्रण कक्षांत सहसा ५५ इंची पडदे असतात, प्रत्येकी १९२० गुणिले १०८०. असे आडवे चार, उभे तीन लावले की झाले दोन कोटी ४९ लाख ठिपके. ऐकायला भारदस्त. पण हल्ली भाजीवाल्याकडच्या फोनचा कॅमेरासुद्धा पाच कोटींचा फोटो काढतो. त्याने काढलेला कोथिंबिरीचा फोटो या भिंतीवर पूर्ण बारकाव्यानिशी मावणार नाही; अर्धी जुडी बाहेर राहील.

आणि त्या भिंतीवर दाखवायचं काय? चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्र. तो कॅमेरा बहुतेक वेळा वीस लाखांचा. ते वीस लाख ठिपके बाराही पडद्यांवर पसरले की एकेका ठिपक्याचे बारा होतात. माहिती तेवढीच, आकार बारापट. सिनेमात हवालदार म्हणतो, ‘जरा झूम करा’, आणि गाडीचा नंबर लख्ख उमटतो. प्रत्यक्षात झूम केल्यावर नंबर प्लेटचे चार राखाडी चौकोन होतात आणि ठिपक्यांचे बारा वाजतात. कॅमेऱ्याने जे पाहिलंच नाही ते भिंत कुठून दाखवणार?

दोन पडद्यांमधली काळी पट्टी हा आणखी एक स्वतंत्र विषय. विक्रेते तिला बेझल म्हणतात आणि ती किती बारीक आहे यावर अर्धा तास बोलतात. तिच्याशी जुळवून घ्यायच्या पद्धती दोन. एकीत चित्र पट्टीच्या मागून चालू राहतं, खिडकीच्या गजामागून रस्ता दिसतो तसं. रेघा सरळ राहतात, पण पट्टीमागचा भाग गडप. दुसरीत काहीच गडप होत नाही, पण प्रत्येक तिरकी रेघ सांध्यावर मोडते. पहिल्या पद्धतीत नेमका आकडाच पट्टीमागे जातो, दुसरीत उड्डाणपूल मोडलेला दिसतो. आपल्याकडे दुसरी पद्धत नको, लोक खरं समजतील.

लग्नाच्या हॉलमधली एलईडी वॉल ही या भिंतीची चुलत बहीण. तिथे दर्जा ‘पी-थ्री’, ‘पी-फोर’ असा सांगतात. म्हणजे दोन दिव्यांमध्ये तीन किंवा चार मिलिमीटर. बारा बाय आठ फुटांच्या पी-फोरवर जेमतेम साडेपाच लाख ठिपके येतात. पण तिची उपयुक्तता निर्विवाद आहे. वधूवर स्टेजवर वीस फुटांवर असतात, मधे चार फोटोग्राफर आणि एक क्रेन. अक्षता टाकायच्या कुठे, ते भिंत बघून ठरवावं लागतं.

नियंत्रण कक्षाची हौस मात्र जुनी आहे, आणि तिचा एक पूर्वज चिलीत सापडतो. १९७१ साली साल्व्हादोर आयेंदे यांच्या समाजवादी सरकारने स्टॅफर्ड बिअर या ब्रिटिश तज्ज्ञाला बोलावलं. देशातल्या सगळ्या राष्ट्रीयीकृत कारखान्यांचा कारभार एका खोलीतून बघायचा होता. प्रकल्पाचं नाव ‘सायबरसिन’. देशभरातून टेलेक्सने आकडे यायचे आणि गणिताला संगणक एकच. सान्तियागोत १९७२ च्या अखेरीस खोली सजली. षटकोनी. मधे फायबरग्लासच्या सात फिरत्या खुर्च्या, भिंतींवर पडदे. खुर्चीच्या हातावर मोठाली बटणं, ॲशट्रे आणि पेला ठेवायला जागा. कीबोर्ड मुद्दाम टाळला होता. बिअरसाहेबांचं म्हणणं, कीबोर्ड ठेवला की मधे टायपिस्ट बाई बसवावी लागेल. खुर्चीत बसणारे पुरुष असतील आणि त्यांना टाइप करता येणार नाही, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

त्या खोलीचे फोटो आजही बघा. वाटतं, कुठल्यातरी अंतराळयानाचं पोट आहे. बटण दाबलं की पडद्यावर आलेख उजळायचा. पण तो आलेख संगणकातून येत नव्हता. मागे स्लाइड प्रोजेक्टर होते, आणि स्लाइडवरची चित्रं ग्राफिक डिझाइन शिकलेल्या मुली हाताने काढत होत्या. कारखान्याचा आकडा टेलेक्सवरून यायचा, मुलगी पट्टी-पेन्सिल घ्यायची, त्याचा फोटो निघायचा, स्लाइड व्हायची आणि मग खुर्चीतले साहेब बटण दाबायचे. टायपिस्ट बाई टळली म्हणून साहेब खूश. भिंतीमागे चार बाया होत्या, एवढंच.

त्याहून कडी पुढे आहे. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रकमालकांनी संप करून देशाची कोंडी केली. कुठे माल अडलाय, कुठला रस्ता मोकळा, कुठे चालणारे ट्रक आहेत, हे सरकारला कळत राहिलं ते टेलेक्सच्या जाळ्यामुळे. खडखड करणारी यंत्रं, कागदाच्या पट्ट्या आणि रात्रभर जागणारे लोक. ती सजवलेली खोली तेव्हा तयारच नव्हती. सायबरसिनने जे काय कमावलं ते भिंतीविना कमावलं. भिंत आली ती नंतर. ११ सप्टेंबर १९७३ ला लष्कराने सत्ता घेतली, आयेंदे गेले, खोली मोडून टाकली. खोलीचे फोटो उरले, आणि जगाला आठवते ती खोलीच. टेलेक्सवाल्यांचे फोटो कुणी काढले नव्हते.

(ॲशट्रेवरून आठवलं. ह्यूस्टनचा अपोलो मोहिमांचा नियंत्रण कक्ष २०१९ मध्ये जसाच्या तसा पुन्हा मांडला, तेव्हा तिथेही ॲशट्रे जागच्या जागी ठेवले. त्या काळात भिंत समाजवादी असो की भांडवलशाही, धूर दोन्हीकडे सारखा.)

अमेरिकेने ही हौस सिनेमाकडून शिकून घेतली. १९८३ च्या ‘वॉरगेम्स’ सिनेमासाठी हवाई संरक्षणाच्या नियंत्रण कक्षाचा सेट उभा केला, त्याला दहा लाख डॉलर लागले. खऱ्या कक्षापेक्षा सेट किती तरी झकास होता. तिथून कारभार उलटा फिरला आणि खरे कक्ष सेटसारखे व्हायला लागले. पुढे एनएसए या गुप्तचर संस्थेचे प्रमुख झालेले जनरल कीथ अलेक्झांडर त्याआधी लष्करी गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या व्हर्जिनियातल्या कक्षाची रचना ‘स्टार ट्रेक’मधल्या एंटरप्राइज यानाच्या पुढच्या भागासारखी होती. समोर प्रचंड पडदा, मधोमध कप्तानाची चामडी खुर्ची, आणि उघडताना-मिटताना ‘हुश्श’ असा आवाज करणारी दारं. हॉलिवूडच्या सेट डिझायनरची मदत घेतली होती. ही हकीकत २०१३ मध्ये अमेरिकी नियतकालिकांत छापून आली. खासदार भेटीला आले की त्यांना त्या खुर्चीत बसू देत. बजेट कसं मंजूर होत असेल याचा अंदाज बांधायला गुप्तहेर नको. आपल्याकडचे काही लोक या खुर्चीबद्दल वाचून हळहळतील. तांत्रिक तपशिलात एवढी साधी गोष्ट राहून गेली!

भिंतीला सरसकट नावं ठेवावीत असंही नाही. ७ सप्टेंबर २०१९ च्या उत्तररात्री अर्धा देश बेंगळुरूच्या इस्रोच्या कक्षातल्या पडद्याकडे बघत बसला होता. पडद्यावर काय होतं? एक वक्र रेघ आणि तिच्यावरून उतरणारा एक ठिपका. विक्रम लँडर चंद्रापासून दोनेक किलोमीटरवर असताना ठिपका रेघ सोडून बाजूला गेला. अधिकृत घोषणा व्हायला वेळ होता, पण घराघरांत आई-आजीसुद्धा म्हणाल्या, काहीतरी बिनसलं. चार वर्षांनी, २३ ऑगस्ट २०२३ ला, संध्याकाळी पुन्हा तशीच रेघ, तसाच ठिपका, आणि या वेळी तो शहाण्यासारखा रेघेवरून खाली गेला. काय बघायचं हे ठाऊक असलं की कोट्यवधी ठिपक्यांतला एक पुरतो. आणि हेही बघा, तिथले शास्त्रज्ञ मोठ्या पडद्याकडे कमी आणि आपापल्या टेबलावरच्या मॉनिटरकडे जास्त बघत होते. मोठा पडदा पाहुण्यांसाठी आणि तुमच्या-आमच्यासाठी.

आपल्याकडे भिंतींचं पीक आलं ते २०१५ च्या स्मार्ट सिटी योजनेपासून. शंभर शहरं निवडली. पहिल्या विसात आपली पुणे आणि सोलापूर. या शंभरही शहरांत ‘एकात्मिक नियंत्रण कक्ष’ उभे राहिले. करोनात त्यांचं ‘वॉर रूम’ असं नामांतर झालं, आणि खाट कुठे रिकामी, रुग्णवाहिका कुठे, हे सांगण्याचं खरंखुरं काम तिथे बसलेल्या मुलामुलींनी केलं. योजना मार्च २०२५ मध्ये संपली. पैसे संपतात, भिंत उरते. देखभाल आता ज्याची त्याने बघायची.

अशाच एका कक्षात पावसाळ्यात जाणं झालं. शहराचं नाव सांगत नाही. ज्याला त्याला आपलंच वाटेल. आत थंडगार. चार बाय तीनची भिंत. वरचा एक पडदा बदललेला असावा, कारण तेवढ्याच चौकोनातला पाऊस पिवळट होता. खाली डाव्या कोपऱ्यात ‘नो सिग्नल’चा डबा इकडून तिकडे फिरत होता. एका कॅमेऱ्यासमोर गुलमोहर वाढून आडवा आलेला. त्या चौकातली वाहतूक पानांआडून चालू होती. कोपऱ्यातल्या घड्याळात मिनिटांच्या पहिल्याच आकड्यावर सांधा, त्यामुळे अकरा वाजून सत्तावीस की सदतीस ते विचारावं लागलं. मी सवयीने चार पावलं पुढे गेलो, तर सुपरवायझर लगबगीने आले.

“सर, तिकडे नको. इथून बघा, इथून. जवळून तेवढी मजा नाही, लांबून छान दिसतं.”

व्हर्जिनिया टेकचा प्रयोग त्यांना सांगावा असं वाटलं, पण चहा आला.

भिंतीसमोर तीन रांगांत टेबलं होती. दोन मुली आणि एक मुलगा, प्रत्येकापुढे दोन मॉनिटर, एक टेलिफोन आणि स्वतःचा मोबाइल. पाऊण तासात तिघांपैकी एकानेही मान वर करून भिंतीकडे पाहिलं नाही. का पाहावं? भिंतीवर जे होतं तेच त्यांच्या मॉनिटरवर होतं, आणि तिथे घड्याळ नीट दिसत होतं. एका मुलीला तर शहरातले सगळे चौक पाठ. फोनवर कुणीतरी पत्ता अर्धवट सांगितला की ती उरलेला स्वतः सांगायची. “हो काका, म्हणजे जुन्या डेअरीपाशी. गाडी निघालीय.” हे ज्ञान कुठल्या टेंडरमध्ये होतं म्हणून विचारलं, तर म्हणाली, “माहेर तिथलंय.”

तेवढ्यात रेल्वेच्या पुलाखाली पाणी साचल्याची कुणकुण लागली. तिथला कॅमेरा भिंतीवर मोठा केला. सहा पडदे त्याला दिले. काचेवर पावसाचे थेंब बसलेले. पुलाखाली पाणी आहे की नुसती ओली सडक, यावर दोघांचं एकमत होईना. एवढ्यात मुलाचा मोबाइल वाजला. वॉर्डाच्या ग्रुपवर कनिष्ठ अभियंत्याने फोटो टाकला होता. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो स्वतः पाण्यात उभा राहिला होता, मागे रिक्षा सीटपर्यंत बुडालेली. वाद मिटला. दोन मिनिटांत पंप निघाला, वाहतूक वळवायला फोन गेला. फोटो तळहाताएवढाच होता. सगळ्यांनी माना जुळवून तोच बघितला.

मग निरोप आला, साहेब निघालेत, दहा मिनिटांत पोचतील. सुपरवायझरांनी भिंतीकडे पाहिलं. सहा पडदाभर थेंब. म्हणाले, “हे नको. तो ग्रुपवरचा टाक वर.” मुलाने फोटो स्वतःला मेल केला, मेलमधून डेस्कटॉपवर, डेस्कटॉपवरून भिंतीवर. फोटो मोबाइलवर काढलेला, म्हणजे उभा. भिंत आडवी. मधल्या दोन उभ्या रांगांत अभियंता, त्याच्या पोटावरून सांधा, आणि दोन्ही बाजूंना तीन-तीन पडदे काळेकुट्ट. सुपरवायझर दोन पावलं मागे गेले, मान तिरकी करून बघितलं, अजून एक पाऊल मागे गेले.

“च्यायला, सगळे फोटो उभेच येतात हल्ली,” ते म्हणाले. “पुढच्या टेंडरला भिंतच उभी मागवायची म्हणतोय.”